आधी फाटक, मग वाट: रेल्वेलाईनजवळच्या बदललेल्या ट्रेकवाटा कशा शोधाव्यात

कर्जत, नेरळ, कसारा, खंडाळा, सफाळे. मुंबई-पुण्याच्या नवख्या ट्रेकरची सुरुवातीची भटकंती याच स्टेशनांवर उतरून होते. लोकल स्वस्त पडते, डोंगर प्लॅटफॉर्मवरून दिसतो आणि कुणीतरी नोंदवलेली जीपीएसवाट मोबाइलमध्ये असते. अडचण एवढीच, की त्या नोंदीचा पहिला किंवा शेवटचा किलोमीटर बऱ्याचदा रेल्वेच्या हद्दीतून गेलेला असतो, आणि गेल्या काही वर्षांत सगळ्यात जास्त बदल तिथेच झालाय. डोंगरावरची वाट पावसाळ्यानंतर फार तर चार पावलं इकडेतिकडे सरकते. लाईनजवळची वाट एका हंगामात पुसली जाते: काल फाटक होतं, आज भिंत आहे, आणि भुयारी मार्ग अर्धा किलोमीटर लांब.

म्हणून अशा ट्रेकचं नियोजन उलट्या बाजूने करायचं. लाईन रीतसर कुठे ओलांडता येते ती जागा आधी पक्की करायची आणि पायवाट तिला जोडून घ्यायची. सगळे शिखरापासून मागे येत आखणी करतात, आणि लाईनशी पोचल्यावर "आता बघू" म्हणतात. तिथे बघण्यासारखं काही नसतं.

नेमकं काय बदललं

पूर्वी ग्रामीण भागात बिनपहाऱ्याची फाटकं होती. फाटक नावालाच, प्रत्यक्षात रुळांवर टाकलेल्या फळ्या किंवा फरश्या आणि बाजूला एक पाटी. ब्रॉडगेजवरची अशी सगळी फाटकं रेल्वेने ३१ जानेवारी २०१९ पर्यंत संपवली. काही ठिकाणी गेटमन आला, काही ठिकाणी खालून सबवे झाला, काही फाटकं सरळ बंद करून रहदारी शेजारच्या फाटकाकडे वळवली. त्यानंतर पहाऱ्याची फाटकंही एकेक करून बंद होताहेत आणि त्यांच्या जागी पूल किंवा भुयारी मार्ग येताहेत. कुठे पूल बांधायचा हे ठरवताना रेल्वे गाड्यांची संख्या आणि फाटकातून जाणाऱ्या वाहनांची संख्या यांचा गुणाकार करते. त्या हिशोबात पायी चालणारा धरलाच जात नाही. नवा पूल वाहनांच्या सोयीने दोन वळणं घेऊन लांब का उतरतो आणि पायवाट मधल्यामध्ये का तुटते, याचं उत्तर बरंचसं इथे आहे.

दुसरा बदल म्हणजे वाढत्या लाईनी. पनवेल-कर्जत दरम्यान आधी एकेरी लाईन होती, तिच्या जोडीला दुहेरी उपनगरी मार्गाचं काम हाती घेतलं गेलं. लांबी सुमारे ३० किलोमीटर, चिखले, मोहोपे, चौक अशी स्टेशनं आणि वावर्लेजवळ अडीच किलोमीटरहून लांब बोगदा. सोंडाई, इर्शाळगड, प्रबळगड ही सगळी मंडळी याच पट्ट्यातली. पालघर जिल्ह्यात मालगाड्यांसाठीचा वेगळा समर्पित मार्ग आणि अहमदाबादची बुलेट ट्रेन अशी दोन मोठी कामं जुन्या पश्चिम रेल्वेच्या आसपास चालली आहेत. एक लाईन ओलांडणं आणि ओळीने चार-पाच लाईनी ओलांडणं यात फरक आहे. मधे अडकलात तर उभं राहायला जागा नसते, आणि एक गाडी गेली म्हणून पाऊल टाकावं तर तिच्याआड दुसरी येत असते.

पायरी १: नोंदीची तारीख बघा, मग गावाचं नाव तपासा

माथेरानच्या शेजारचा पेब ऊर्फ विकटगड हे याचं उत्तम उदाहरण. या गडाला दोन बाजूंनी जातात. एक नेरळकडून, विजेच्या टॉवरांच्या रेषेने खिंडीत चढत. दुसरी माथेरानच्या बाजूने, मिनी ट्रेनच्या रुळांवरून चालत कड्यावरच्या गणपतीपर्यंत, आणि तिथून उतरून शिड्यांनी गडावर. दुसरी वाट सोपी आणि फोटोंसाठी झकास, त्यामुळे तिचीच वर्णनं जास्त.

आता तारखा लावा. २०१९च्या पावसात नेरळ-माथेरान लाईन जागोजागी वाहून गेली. गाडी पूर्ण मार्गावर पुन्हा धावली ती २२ ऑक्टोबर २०२२ला. मधल्या तीन वर्षांत रूळ मोकळे होते, आणि याच काळात व्हिडिओ आणि जीपीएस नोंदींचा पूर आला. त्यातल्या कित्येकांत रूळ म्हणजे जणू फरसबंद पायवाट आहे. आज तीच नोंद घेऊन गेलात, तर एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी आणि समोरून येणारं इंजिन अशी गाठ पडू शकते. पावसाळ्यात, साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, नेरळ ते अमन लॉज (माथेरानच्या अलीकडचं स्टेशन) गाडी बंद असते हे खरं. पण प्रवासी गाडी बंद म्हणजे लाईन बंद नव्हे. दुरुस्तीची कामं आणि त्यासाठीची वाहनं चालूच असतात, आणि हद्द रेल्वेचीच राहते.

माझं मत विचाराल तर नवख्यांनी पेब नेरळकडूनच चढावा आणि नेरळकडेच उतरावा. वेळ जास्त लागतो, चढण अंगावर येते, पण निदान गड चढल्यासारखा वाटतो. माथेरानला जायचं असेल तर ते वेगळ्या दिवशी. दस्तुरी नाक्यावरून घोड्यांचा रस्ता बाजारपेठेपर्यंत जातो. तिथे रुळांवरून चालण्याचं काहीही कारण नाही.

गावांच्या नावांचा घोळ निराळाच. ठाकूरवाडी या नावाची वस्ती रायगडात जागोजागी आहे. प्रबळगडाच्या पायथ्याची ठाकूरवाडी पनवेलच्या बाजूला, आणि बोरघाटातली रेल्वेची ठाकूरवाडी केबिन कर्जतच्या पुढे. नकाशात नुसतं नाव टाकून शोधलं की एकीच्या ऐवजी दुसरी हाती येते. नावासोबत तालुका आणि जवळचं स्टेशन लिहून ठेवायची सवय लावून घ्या.

जुनी नोंद बाद होण्याचं कारण नेहमी रेल्वेच असते असंही नाही. चौक स्टेशनवरून इर्शाळगडाला जाणाऱ्या बहुतेक जुन्या नोंदी इर्शाळवाडीतून जातात. १९ जुलै २०२३च्या रात्री त्या वाडीवर दरड कोसळली आणि गाव गाडलं गेलं. त्या उतारावरून ट्रेकची वाट शोधत फिरू नये. कायद्याचा प्रश्न येण्याआधी हा माणुसकीचा प्रश्न आहे.

पायरी २: तिथे लाईन जमिनीवर आहे, वर आहे की खाली

उपग्रह चित्र उघडा आणि तुमची वाट लाईनला जिथे भेटते तो तुकडा मोठा करून बघा. चार शक्यता असतात.

लाईन भरावावर असेल तर दोन्ही बाजूंना उतार आणि काटेरी झाडोरा दिसतो. अशा ठिकाणी ओलांडायची जागा ठरावीकच, मधूनच चढून जाण्याची सोय नाही. ओढ्यावर बांधलेल्या अरुंद मोऱ्या असतात. गावकरी उन्हाळ्यात त्यातून जातात. पण मोरी पाण्यासाठी केलेली असते, माणसांसाठी नव्हे. पावसात वरच्या डोंगरावर सर आली की खाली मोरीत लोंढा यायला काही मिनिटं पुरतात.

लाईन खोदाईत असेल, म्हणजे दोन्हीकडे कातळभिंती आणि मधे रूळ, तर तिथला विचारच सोडा. वळणावरच्या खोदाईत गाडी दिसत नाही, आवाज कुठून येतोय ते कळत नाही आणि बाजूला सरकायला जागा नसते.

पूल असेल तर चांगलंच. मोठ्या पुलाच्या गाळ्यांखालून गावरस्ता किंवा बैलगाडीची वाट गेलेली असते आणि ती बहुधा शाबूत राहते. बुलेट ट्रेनचा मार्ग बराचसा उंच खांबांवरून जाणारा आहे, त्यामुळे काम संपल्यावर खालच्या वाटा पुष्कळशा मोकळ्या होतील अशी आशा आहे. काम चालू असेपर्यंत मात्र पत्र्यांचं कुंपण, डंपरचे रस्ते आणि रखवालदार. डंपरच्या रस्त्यावरून चालणं रुळांइतकंच वाईट, वर धूळ खायची ती वेगळी.

बोगदा असेल तर वरचा डोंगर तुमचा. वावर्लेच्या बाजूने सोंडाईला जाणाऱ्याने बोगद्याच्या लांबीने दचकायला नको. अडचण असते ती बोगद्याच्या तोंडाशी, जिथे खोदलेला मुरूम-दगड टाकलेला असतो, तात्पुरते रस्ते काढलेले असतात आणि जुनी पाऊलवाट ढिगाऱ्याखाली गेलेली असते. तोंडापासून लांब राहून वाट धरा.

चित्र कधी घेतलेलं आहे तेही बघा. गूगल अर्थमध्ये मागच्या वर्षांची चित्रं एकामागून एक बघता येतात. तीन-चार वर्षांपूर्वीचं आणि ताजं चित्र शेजारी ठेवलं की फाटक कुठे होतं आणि कुठे गेलं ते दोन मिनिटांत कळतं. माझ्या मते हे जीपीएस नोंदीपेक्षा जास्त भरवशाचं आहे.

पायरी ३: ओलांडायची जागा पक्की करा

रीतसर पर्याय चारच: गेटमन असलेलं फाटक, भुयारी मार्ग, रस्त्याचा पूल आणि स्टेशनवरचा पादचारी पूल.

स्टेशनवरचा पादचारी पूल सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात सोयीचा. लोकलने आलात तर तिकीट खिशात असतंच. घाईत प्लॅटफॉर्मच्या टोकाला उतरून रुळांतून जाणारी टोळकी दिसतील. त्यांच्यामागे जाऊ नका, पुलावर चढा आणि डोंगर कुठल्या बाजूला आहे ते वरून बघून घ्या. गाडीने आलेल्यांनी मात्र पूल प्लॅटफॉर्मवर उतरतो की थेट बाहेर, हे विचारावं. प्लॅटफॉर्मवर उतरत असेल तर प्लॅटफॉर्म तिकीट लागेल.

भुयारी मार्गाला गावात कुणी सबवे म्हणतं, कुणी मोरी, कुणी बोगदाच. उंची कमी, ट्रॅक्टर-टेम्पो जाईल एवढी. उन्हाळ्यात उत्तम. पावसाळ्यात यातले पुष्कळ तुंबतात, कारण रस्ता लाईनखाली उतरवताना तो आजूबाजूच्या शेतांपेक्षा खाली जातो. जुलै-ऑगस्टच्या ट्रेकसाठी तिथल्या कुणाला तरी आदल्या संध्याकाळी फोन करून पाणी किती आहे ते विचारा. घोट्याच्या वर गढूळ पाणी असेल तर उतरू नका. खाली गटाराची जाळी उघडी आहे की नाही ते दिसत नाही.

आता गावात विचारायची पद्धत. "मामा, लाईन कुठून ओलांडायची?" असं विचारलंत तर उत्तर ठरलेलं: "हितूनच जा की, सगळीच जातात." मामा खोटं बोलत नाहीत, ते जन्मभर तिथूनच गेलेत. पण त्यांना गाड्यांच्या वेळा पाठ आहेत, तुम्हाला नाहीत. त्याऐवजी विचारा, "ट्रॅक्टर पलीकडे कुठून नेता?" किंवा "दुधाचा टेम्पो कुठून येतो?" चाकं जिथून जातात ती जागा बहुतेक वेळा रीतसर असते. हा एक प्रश्न लक्षात ठेवलात तरी अर्धं काम झालं.

फाटक असेल तर त्याचा क्रमांक टिपून घ्या. फाटक दुरुस्तीसाठी काही दिवस बंद राहणार असेल तर रेल्वे नोटीस काढते आणि स्थानिक पेपरांत "फाटक क्रमांक अमुक बंद" अशी बातमी येते. क्रमांक माहीत असेल तर शोधायला सोपं जातं. फाटक पडलेलं असताना दांड्याखालून वाकून जाऊ नका, एक गाडी गेल्यावरही नाही. फाटक उघडत नाही याचा अर्थ दुसरी गाडी येते आहे.

ही जागा ठरली की तिथून पायथ्यापर्यंतची वाट आखा आणि वाढलेलं अंतर वेळेत धरा. जाताना दोन किलोमीटरचा वळसा असेल तर येतानाही असणार, तोही दमलेल्या पायांनी आणि कदाचित अंधारात. कर्जत-खोपोलीसारख्या फाट्यावर लोकल कमी असतात. एक चुकली की बराच वेळ बसावं लागतं, आणि शॉर्टकटचा मोह नेमका तेव्हाच होतो.

पायरी ४: घाटातल्या लाईनी, म्हणजे "नाही"

इथे ओलांडण्याचा प्रश्न नसतो, लाईनीवरूनच चालण्याचा असतो.

कर्जत ते लोणावळा हा बोरघाटाचा टप्पा २८ किलोमीटरचा आणि तीन लाईनींचा. चढ ३७ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. भारतीय ब्रॉडगेजवरच्या सगळ्यात खड्या चढांत याची गणना होते. त्यामुळे चढणाऱ्या गाड्यांना मागून जादा इंजिनं, म्हणजे बँकर, लावावी लागतात. ही इंजिनं वर पोचली की सुटी होऊन परत खाली येतात. त्यांची वेळ कुठल्याही ऍपवर नसते. उतरणाऱ्या गाड्या मंकी हिल, ठाकूरवाडी इथे थांबतात त्या ब्रेकची खात्री करण्यासाठी. ते प्रवाशांचे थांबे नाहीत. तिथे उतरून लाईनीने खंडाळ्याला किंवा पळसदरीला चालत जायची टूम पूर्वी होती, आणि तिचे फोटो अजून फिरतात. पावसात धुकं, धबधब्याचा आवाज, बोगदे, आणि विजेची इंजिनं बऱ्यापैकी कमी आवाजाची. दरडीही याच काळात पडतात.

या भागातलं नागफणीचं टोक बघायचं असेल तर लोणावळ्याहून कुरवंडे गावात जा आणि तिथून चढा. लाईनीचा संबंधच येत नाही. उलट एक जुनी घाटवाट पायाखाली येते: १६६१ साली मोगल सरदार कारतलबखान कुरवंडे घाटाच्या रोखाने निघाला होता आणि उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी त्याला गाठलं. रुळांवरच्या फोटोपेक्षा हे मला केव्हाही जास्त मोलाचं वाटतं.

दूधसागरचंही तेच. कॅसलरॉककडून किंवा कुळ्याकडून रुळांवरून चालत धबधब्यापर्यंत जाणं हा एकेकाळी महाराष्ट्र-कर्नाटकातल्या ट्रेकगटांचा पावसाळी उद्योग होता. आता तो बंद आहे. जुलै २०२३मध्ये तिथे पकडलेल्या तरुणांना रुळांशेजारी उठाबशा काढायला लावल्याचे व्हिडिओ देशभर फिरले, आणि धबधबा डब्यात बसून पाहा असं रेल्वेने जाहीरपणे सांगितलं. उठाबशा काढायला लावणं मला पटत नाही, पण बंदी पटते. पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या सुमारास, कुळ्याहून अभयारण्यातून परवानाधारक जीप सुरू होतात, तीच रीतसर वाट. पावसाळ्यात त्या बंद असतात. तेव्हा दिवसाच्या गाडीत खिडकी पकडायची. "आम्ही परवानगी काढली आहे, रुळांवरूनच जाऊ" असं सांगणारा आयोजक भेटला तर परवानगीचा कागद मागा.

कायदा थोडक्यात: रेल्वे अधिनियम १९८९च्या कलम १४७नुसार विनापरवाना रेल्वेच्या हद्दीत शिरणं हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हद्द म्हणजे फक्त रूळ नव्हेत. खडीच्या कडेने जाणारी, कर्मचाऱ्यांच्या पावलांनी मळलेली वाटही हद्दीतच येते. "आम्ही रुळांपासून चार हात लांब होतो" हे तिथे चालत नाही.

पायरी ५: त्या दिवशी

गट मोठा असेल तर फाटकाच्या अलीकडे सगळ्यांना थांबवा आणि एकत्र पलीकडे न्या. निम्मे इकडे, निम्मे तिकडे असे अडकले की मधले दोघे धावतात. कानातले इअरफोन फाटकाच्या बरंच आधी काढा. पुलावर ट्रेकिंगचा खांब, छत्री, सेल्फी स्टिक उंच धरू नका. वरच्या तारेत २५ हजार व्होल्ट असतात आणि झटका बसायला तारेला हात लागावाच लागतो असं नाही.

कुणाला लाईनीजवळ इजा झाली किंवा रुळावर दगड, झाड पडलेलं दिसलं, तर विजेच्या खांबावरचा आकडा वाचा. त्यात वरचा भाग किलोमीटरचा आणि खालचा खांबाचा असतो. रेल्वेच्या १३९ क्रमांकावर किंवा जवळच्या गेटमनला तो आकडा सांगितला की जागा नेमकी कळते. "त्या मोठ्या आंब्याजवळ" म्हणून कुणाला काही उमगत नाही.

रीतसर जागाच नसेल तर

असं होतं. फाटक बंद झालं, पर्याय चार किलोमीटरवर, आणि मधली वाट वर्षानुवर्षांची वहिवाट. त्या दिवसापुरतं उत्तर सोपं आहे: रिक्षा करा, पायथा बदला किंवा दुसरा डोंगर निवडा. पण प्रश्न गावाचाही असतो. शाळेत जाणारी पोरं, रानातून मोळी आणणाऱ्या बायका यांना दुसरा डोंगर निवडता येत नाही.

रेल्वे अधिनियमाच्या कलम १६मध्ये तरतूद आहे, की लाईनीमुळे जमिनीच्या वापरात खंड पडत असेल तर राज्य सरकारला आवश्यक वाटतील ते क्रॉसिंग, पूल, मोऱ्या, वाटा रेल्वेने बांधून द्याव्यात. तिथे एक मुदतही आहे. लाईन सुरू होऊन दहा वर्षं उलटली की हे काम रेल्वेच्या खर्चाने मागता येत नाही. नव्या लाईनीजवळच्या गावांनी हे वेळेत लक्षात घ्यायला हवं. अर्जाला जोडायचा पहिला पुरावा म्हणजे गाव नकाशा. त्यात गाडीवाट दुहेरी तुटक रेषेने आणि पाऊलवाट एकेरी तुटक रेषेने दाखवलेली असते. नकाशा भूमी अभिलेख कार्यालयात मिळतो, आणि महाभूनकाशाच्या संकेतस्थळावर गट क्रमांकांचे नकाशे बघता येतात. अर्ज ग्रामपंचायतीच्या ठरावासह जिल्हाधिकारी आणि रेल्वेच्या विभागीय व्यवस्थापकांकडे जावा. ट्रेकर म्हणून तुम्ही करू शकाल ते एवढंच, की त्या गावात चहा घेताना ही दहा वर्षांची गोष्ट सरपंचांच्या कानावर घाला, आणि बंद झालेल्या फाटकाचा क्रमांक, तारीख आणि फोटो त्यांना पाठवून द्या. तीच माहिती तुमच्या जीपीएस नोंदीतही टाका, आणि जुना रुळांवरचा तुकडा नोंदीतून कापून टाका. नाहीतर पुढच्या वर्षी कुणीतरी तोच मोबाइलवर उघडून निघेल.